13 युरोंचा कागद: जर्मनीतील ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ वापरून पाहिल्यानंतर

माझ्या ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्याची, आणि पत्नीच्या कौटुंबिक परवान्याची मुदत एकाच दिवशी संपत होती. दोघांचेही मुदतवाढीचे अर्ज आम्ही अडीच महिने आधी ऑनलाइन दाखल केले होते, तरीही आमच्या शहरातील आउसलेंडरबेहोर्डेने, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने, दिलेली टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, जुनी कार्डे संपल्यानंतर सात आठवड्यांनी होती. या मधल्या काळासाठी मिळणारा तात्पुरता दाखला म्हणजे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. आपली मंडळी त्याला नुसते ‘फिक्शन’ म्हणतात आणि त्या नावामुळेच बिचकतात. वास्तविक येथे ‘फिक्शन’चा अर्थ कायद्याने धरलेले गृहीत एवढाच आहे.

हे गृहीत जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम 81 मध्ये आहे. परवाना संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना, त्यातील नोकरीच्या हक्कासह, चालू आहे असे मानले जाते. हा हक्क वेळेत केलेल्या अर्जामुळे आपोआप मिळतो. दाखला हा त्याचा केवळ पुरावा असतो. त्यामुळे दाखला हातात येण्यास आठवडाभर उशीर झाला म्हणून कोणी बेकायदा ठरत नाही, मात्र अर्जाची पोच जिवापाड जपावी लागते. अर्ज उशिरा केला, तर जुना परवाना चालू मानायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हाती जाते. म्हणून केवळ टर्मिन मागून स्वस्थ बसू नये. मुदतवाढ हवी असल्याचे लेखी कळवावे आणि त्याची प्रत ठेवावी.

दाखल्याचे शुल्क 13 युरो आहे. तीन महिन्यांहून अधिक मुदतवाढीसाठी लागणाऱ्या 93 युरोंच्या तुलनेत ते किरकोळ वाटते. घडी घातलेला, छायाचित्र चिकटवलेला हा कागद पाहून मात्र कोणाचाही विश्वास बसू नये, असेच त्याचे रूप आहे. तो पासपोर्टासोबत दाखवावा लागतो, आणि जुने कार्डही बरोबर असलेले बरे.

खरी मेख आतल्या तीन चौकटींत आहे. पहिल्या चौकटीवर खूण असेल, तर फक्त वास्तव्य कायदेशीर मानले जाते. दुसरीचा अर्थ हद्दपारी तेवढी थांबलेली आहे. आणि तिसरीवर खूण असेल, तरच जुना परवाना चालू समजला जातो व देशाबाहेर जाऊन परत येता येते. आमच्या बाबतीत माझ्या कागदावर तिसरी खूण होती, पत्नीच्या कागदावर पहिली! खिडकीसमोरून हलण्याआधीच हे लक्षात आले, म्हणून पाच मिनिटांत नवा कागद मिळाला. संबंधित बाईंनी दिलगिरीही व्यक्त केली, पण घरी जाऊन कागद ड्रॉवरमध्ये ठेवला असता, तर ही चूक थेट विमानतळावर उघडकीस आली असती. जर्मन येत नसेल, तर निदान तिसरी ओळ कोणाकडून तरी वाचून घ्यावी.

नोकरीच्या ठिकाणी अडचण आली नाही. एचआर विभागाने प्रत ठेवून घेतली, दाखल्याची तारीख नोंदवली आणि विषय संपवला. बँकेचा अनुभव उलटा आला: घरकर्जाचा अर्ज नवे कार्ड येईपर्यंत बाजूला ठेवण्यात आला. कायदा परवाना चालू मानतो, हे तेथील अधिकाऱ्याला मान्य होते. त्याच्या संगणकाला मात्र मान्य नव्हते.

गणपतीसाठी पुण्याला जावे की नाही, यावर घरात बराच खल झाला. अखेर गेलो. परतताना मुंबई विमानतळावर चेक-इनच्या खिडकीवर दोन्ही कागद आतल्या खोलीत नेऊन तपासण्यात आले आणि आम्ही सुमारे 40 मिनिटे ताटकळत उभे राहिलो. खिडकीवरच्या मुलाने असा कागद पूर्वी पाहिलेला नव्हता, त्यात त्याचा दोष नाही. फ्रँकफुर्टला उतरल्यावर सीमा पोलिसाने तिसरी चौकट पाहिली आणि शिक्का मारला. एकंदर दोन मिनिटे. विमान थेट जर्मनीचे घेतले होते, ते बरे झाले. अन्य देशात विमान बदलायचे असते, तर तेथील अधिकाऱ्याला हा जर्मन कागद समजावून सांगण्याची वेळ आली असती. तिसरी खूण असली तरी लहान मुले सोबत असतील किंवा परतीची तारीख दाखल्याच्या अखेरच्या आठवड्यात येत असेल, तर मी प्रवासाचा सल्ला देणार नाही.

नवी कार्डे बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतात, त्यामुळे टर्मिननंतरही काही आठवडे थांबावे लागते. दाखल्याची मुदत पाहताना हे दिवसही धरावेत. आमचा दाखला कार्डे येण्याच्या अवघे चार दिवस आधी संपत होता आणि तो वाढवून घेण्यासाठी आणखी एक फेरी पडली.