भावाच्या नावानं धावायचंय: मुंबई की सातारा?

धावायचं ठरलंय, पैसे उभे करायचंही ठरलंय, आता अडलंय ते शर्यत कुठली यावर. गेलेल्या धाकट्या भावासाठी मी एकदा मुंबईत धावले आणि एकदा साताऱ्यात, दोन्ही वेळा अर्धमॅरेथॉन. त्यामुळे हा आढावा तटस्थ वगैरे नाही.

शर्यत आधी निवडू नका. पैसे कुठे जाणार ते आधी ठरवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते. तिच्या देणग्यांची व्यवस्था युनायटेड वे मुंबई बघते. यादीतली संस्था निवडायची, तुमचं पान तयार होतं, पैसा तिकडे जातो आणि पावती देणाऱ्याच्या नावानं निघते. तुमच्या खात्याला रुपयाचा स्पर्श होत नाही, आणि नातेवाइकांकडे पैसे मागताना ही फार मोठी सोय असते. संस्थांमार्फत चॅरिटी बिबही, म्हणजे त्यांच्या वाट्याचे शर्यतीचे क्रमांकही, मिळतात. त्यासाठी किती रक्कम भरायची किंवा जमवायची, हे त्या-त्या वर्षी संस्थेलाच विचारा.

मग मी साताऱ्याला का गेले? भावाचे उपचार परळला चालू होते तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. मला द्यायचं होतं ते अशाच, रुग्णांच्या नातेवाइकांना छप्पर देणाऱ्या कामाला. तुमच्या मनातली संस्था मुंबईच्या यादीत असेल तर पुढचा विचारच करू नका, मुंबईला धावा. नसेल, तर कुठलीही शर्यत सारखीच, कारण सगळं तुम्हालाच उभं करायचंय. साताऱ्याला मी तसंच केलं. त्यात एकच पथ्य पाळा: स्वतःच्या यूपीआयवर एक पैसा घेऊ नका. संस्थेच्या नावाचा क्यूआर मागून घ्या आणि तोच फिरवा. सोळा मावश्या, बावीस मित्र आणि एक वही, असा हिशेब शेवटी भांडणावर जातो.

करसवलतीच्या जोरावर मागू नका. ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होत असल्यानं बऱ्याच पगारदारांना त्या पावतीचा उपयोग उरलेला नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं आणखी वेगळं. चुलतभाऊ न्यू जर्सीत असला तरी पासपोर्ट भारतीय असेल, तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. अमेरिकन नागरिक झाला असेल तर मात्र संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते. हे दोन्ही शर्यतींना सारखंच लागू आहे, आणि छोट्या संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते. लिंक पाठवण्याआधी विचारा.

मागण्याच्या वेळेत मात्र साताऱ्यानं मला मदत केली. ही शर्यत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असते, म्हणजे कधी कधी पितृपक्षाला चिकटून. एरवी ‘बघतो’ म्हणणारे काका त्या पंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या नावानं नाही म्हणत नाहीत. जानेवारीत मुंबईच्या वेळी माझ्याआधी ऑफिसातल्या दोघांच्या लिंक फिरून झाल्या होत्या. माझी तिसरी.

आता पायांचं. मुंबईची अर्धमॅरेथॉन माहीमहून पहाटे सुटते, सी लिंकवरून वारा खात जाते, आणि खरी परीक्षा असते ती पेडर रोडच्या चढाची. दमट हवेत ऊन चढण्याआधी संपवायचं, एवढंच गणित. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे: निम्मी शर्यत चढ, मग त्याच रस्त्यानं उतार. चढाला सगळे घाबरतात, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. पाऊस असला तर चष्मेवाल्यांचे वेगळेच हाल. आधी कधी एकवीस किलोमीटर धावला नसाल, तर घाटाच्या वाटेला जाऊ नका. आणि साताऱ्याची नोंदणी फटकन भरते, ती उघडायची वाट बघत बसावं लागतं.

त्या दिवशी आतून काय होतं, तेही विचारात घ्या. मुंबईत मी टी-शर्टवर पुढच्या बाजूला त्याचं नाव लिहिलं होतं. पेडर रोडला कडेच्या एका आजींना वाटलं ते माझ्याच गावाचं किंवा आडनावाचं काहीतरी असेल. त्या त्याच नावानं ओरडल्या, ‘चल, चल, आता थोडंच राहिलं!’ पुढचा किलोमीटर मी कसा काढला ते आठवत नाही. साताऱ्यात नाव पाठीवर लिहिलं. घाटात धुकं, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. गर्दीत रडू नकोसं वाटत असेल, तर सातारा.

ब्रिटनमध्ये असाल तर मुंबईसाठी विमान पकडू नका. लंडन मॅरेथॉनमध्ये १९९३ पासून संस्थांना जागा राखून मिळतात. त्या बदल्यात बऱ्याच संस्था साधारण २,००० पौंड जमवायला सांगतात. तिथल्या करदात्यानं गिफ्ट एडला होकार दिला की प्रत्येक पौंडावर सरकारकडून २५ पेन्स वाढतात. पण ते पूर्ण ४२ किलोमीटर आहे, आणि दुःखात घेतलेला ४२चा निर्णय गुडघ्यांना पटेलच असं नाही. कॉम्रेड्सचंही तेच. दक्षिण आफ्रिकेतली ती शर्यत १९२१ साली पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली, म्हणून आपल्याकडच्या धावपटूंना ती खुणावते. पण साधारण ८६ ते ९० किलोमीटर, १२ तासांत. पहिल्या वर्षी नको.

पुन्हा ठरवायची वेळ आली तर मी मुंबईच निवडेन, कारण पैसा जास्त जमला आणि डोकं कमी फिरलं. पण रक्ताच्या कर्करोगानं भावंड गेलं असेल, तर पैशाबरोबर आणखी एक मागा: अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीसाठी गालाच्या आतला नमुना. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमचं जुळलं नाही, आणि तेव्हा कळलं की बाहेरचा दाता मिळणं किती अवघड आहे. हे मागणं साताऱ्यात सोपं गेलं, कारण सराव करणारी पोरं तरुण होती आणि रोज भेटत होती.

एक बारीक गोष्ट. पावतीवर देणाऱ्याचं नाव येतं, गेलेल्याचं नाही. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा ‘स्मरणार्थ’ लिहितात, तेव्हा संस्थेला तसं आधीच सांगून ठेवा. नावाआधी ‘कै.’ लावायचं की नाही, ते मात्र आईला विचारून.