यंत्राची बादली रोज भरायची, भिंत मात्र ओलीच

घरात शिरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. ज्याने आम्हाला लुटलं, तो त्यानंतर सतरा दिवसांनी आला.

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. 2005 च्या पुरात आमच्याकडे गुडघाभर पाणी आलं होतं. त्या हिशोबाने आम्ही सामान पलंगावर चढवलं आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. या वेळी वाशिष्ठी नदी खोलीत सहा फूट चढली. परत आलो तेव्हा फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता आणि चारही भिंतींवर एका सरळ रेघेत चिखलाचा पट्टा उमटला होता. गाळ उपसण्यात, घर फिनेलने चार-चार वेळा धुण्यात जुलै संपला. बाहेरगावाहून आलेल्या पोरांनी, ओळख ना पाळख, आमच्या घरातला गाळ पाट्यांनी काढून दिला. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. त्यामुळे त्या दिवसांत दारात येणारा प्रत्येक माणूस मदतीलाच आलाय असं वाटायची सवय लागली होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर लोक विचारतात, "तुम्हाला कळलं कसं नाही?"

तो आला तेव्हा अंगात कोरा टी-शर्ट, हातात फाइल. "काका, 2019 च्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरात चाळीस घरं सुकवून दिलीत आपण." मोबाइलमध्ये फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. फोटो खरेच असतील. पण त्यातली एकही भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, नव्हती, सगळी विटांची घरं. आमचं घर जांभ्याचं, वडिलांनी बांधलेलं. जांभा पाणी पितो, हे कोकणात पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण त्याने पुढचं वाक्य टाकलं आणि मी विरघळलो: "गणपतीआधी घर हातात देतो."

गणपती 10 सप्टेंबरला होते. आईने त्या दिवशी सकाळीच विचारलं होतं, "या वर्षी मूर्ती कुठे बसवायची रे?" 

त्याची पद्धत अशी. आधी एक छोटं यंत्र काढलं, दोन सुया असलेलं. भिंतीला टेकवलं की आकडा येतो. "बघा काका, वरवर ओल आहे, आतून भिंत चांगली आहे. अठरा दिवसांत सुकवतो." मग हवेतला दमटपणा ओढणारं मोठं यंत्र आणून ठेवलं, भाडं दिवसाला 1,200 रुपये. त्याच्या खाली टाकी. रोज सकाळी त्याचा पोरगा यायचा, टाकी बादलीत ओतायचा आणि बादली आईसमोर ठेवायचा. "आजी, हे सगळं तुमच्या भिंतीतलं." बादली काठोकाठ. आई हात जोडायची.

आता खिडक्यांकडे या. त्या पुराने फुगल्या होत्या, बंदच होत नव्हत्या. दार दिवसभर उघडं. बाहेर ऑगस्टचा पाऊस, एक चादर वाळायला तीन दिवस लागतात अशी हवा. ते यंत्र खोली बंद करून चालवायचं असतं, मग ते खोलीतली आणि हळूहळू भिंतीतली ओल ओढतं. आमच्याकडे ते बाहेरून येणारी हवा पिळून बादली भरत होतं. अख्ख्या कोकणातलं पाऊसपाणी त्याने उपसलं असतं तरी आमच्या भिंतीला पत्ता लागला नसता. अठरा दिवसांचे 21,600 रुपये दिले. 

शेवटच्या दिवशी सुयांचं यंत्र पुन्हा लावलं, आकडा झकास. मी मुंबईच्या भावाला पाठवायला फोटोही काढला. तो फोटो दिवाळीनंतर नीट पाहिला. चिखलाची रेघ त्या माणसाच्या कपाळाला आहे आणि यंत्र त्याने हात वर करून धरलंय, सात फुटांवर. जिथे पाणी चढलंच नव्हतं तिथे. पहिल्या दिवशी तरी कुठे लावलं होतं, देव जाणे.

मग पुट्टी, मग "डॅम्पप्रूफ" कोट, मग चकचकीत प्लास्टिक रंग. 64,000 रुपये. 6 सप्टेंबरला काम संपलं, गणपती थाटात बसले, आरतीला आलेल्या दोन घरांनी माझ्याकडून त्याचा नंबर घेतला. ते ओझं पैशांपेक्षा जड आहे.

दसऱ्याला रंगाला फोड आले, पुरळ उठावं तसे. दिवाळीची साफसफाई करताना बायकोने कुंचा फिरवला आणि हातभर पापुद्रा खाली आला. आत पांढरा खार, त्यामागे काळी बुरशी आणि ओला, थंडगार चिरा. ओल बाहेर पडायला जागा शोधत होती आणि आम्ही पैसे मोजून तिच्यावर प्लास्टिक चढवलं होतं.

फोन आधी "कोल्हापूरला आहे काका", मग "घरात मयत झालंय", मग बंद. पाच वर्षांची गॅरंटी तोंडी होती. पावती काढून बघितली तर त्यावर फक्त "रंगकाम". सुकवण्याचा, ओलीचा शब्द नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, नुसते दोन मोबाइल नंबर. यूपीआयने पैसे गेले ते कोणा बाईच्या खात्यावर. बँक म्हणाली, तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. ग्राहक हेल्पलाइनवर (आता तिचा नंबर 1915) बोललो, त्यांनी नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? म्हणून कोणीही आला तरी पहिला रुपया देण्याआधी त्याचा राहता पत्ता, ओळखपत्राचा फोटो आणि "भिंत सुकवणे" हे शब्द असलेला कागद घ्या. तो कचरला तर चहा पाजून वाटेला लावा.

शेवटी गल्लीतल्याच म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. पुरानंतर आठवड्यात त्यानेच सांगितलं होतं की प्लास्टर पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर तासा आणि शिमग्यापर्यंत भिंत उघडी ठेवा. तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं. या खेपेला तो टोमणा न मारता कामाला लागला, याचंच जास्त लागलं. त्याने सात फुटांपर्यंत सगळं तासून काढलं. ओल बघायची त्याची रीत: दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या खालच्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि सकाळी बघायचं. आतून घाम आला की भिंत अजून ओली. खर्च चिकटपट्टीचा.

एप्रिल 2022 मध्ये तीन भिंतींचा तुकडा कोरडा निघाला. त्यांना प्लास्टर करून चुना मारला. स्वयंपाकघराच्या भिंतीला मात्र तेव्हाही घाम होता, म्हणून ती तशीच उघडी ठेवली, लाल चिरे दिसणारी. मे महिन्यात पुण्याची भाची आली आणि त्या भिंतीसमोर उभी राहून सेल्फी काढत म्हणाली, "मामा, काय मस्त रस्टिक लुक केलायस! कोणाकडून केलंस?"