टेक्ससमधलं नवं कोर्ट: न्यायाधीश मिळतो, खोली अडते

टेक्ससमधल्या कॉलिन, डेंटन, फोर्ट बेंड, विल्यमसन या काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांत, वस्ती झपाट्याने वाढते आहे. तारखांवर तारखा पडू लागल्या की काउंटीपुढे दोन पर्याय असतात, गंभीर खटल्यांचं डिस्ट्रिक्ट कोर्ट किंवा लहान खटल्यांचं काउंटी कोर्ट अॅट लॉ. दोन्ही राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्यानेच निर्माण होतात. कमिशनर्स कोर्ट, म्हणजे काउंटी जज आणि चार कमिशनर यांचं काउंटीचा कारभार पाहणारं मंडळ, फक्त मागणी करू शकतं. विधिमंडळ बसतं विषम वर्षात, जानेवारीपासून जास्तीत जास्त 140 दिवस. ती खिडकी हुकली की दोन वर्षं गेली.

पैशाच्या हिशेबात डिस्ट्रिक्ट कोर्ट वरवर स्वस्त वाटतं. न्यायाधीशाचा मूळ पगार राज्य देतं, 1 सप्टेंबर 2025 पासून वर्षाला 1,75,000 डॉलर. काउंटी कोर्ट अॅट लॉच्या न्यायाधीशाला पगार काउंटी देते. तो खासगी वकिली करत नसेल तर डिस्ट्रिक्ट न्यायाधीशाच्या मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम राज्याकडून परत येते. पण पगार हा खर्चाचा लहान भाग. कोऑर्डिनेटर, कोर्ट रिपोर्टर, बेलिफ, क्लार्क हे सगळे काउंटीच्या माथी. गुन्हेगारी कोर्ट असेल तर वाढीव सरकारी वकील हवेत, शिवाय गरीब आरोपींच्या वकिलांची फी, जिचा मोठा वाटा काउंटीच उचलते. अंदाजपत्रकात नेमकी हीच फी कमी धरली जाते.

खरी फजिती होते ती जागेची. फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, खटल्याला 12 ज्यूरर (नागरिकांतून निवडलेले पंच) लागतात आणि मृत्युदंडाचा खटला नसेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी 10 जणांना कारण न देता वगळता येतं. म्हणजे कुणालाही कारण दाखवून वगळायच्या आधीच 32 माणसं लागतात, त्यामुळे पन्नास-साठ जणांना बोलवावंच लागतं. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत ती निवड होत नाही. त्यात कोठडीतल्या आरोपीला आणायची वाट लोकांच्या आणि ज्यूररच्या वाटेपासून वेगळी हवी. कार्यालयाची खोली बदलून कोर्ट करायला जातात तेव्हा बाक आणि न्यायासन महिन्याभरात बसतं. अडतं ते कोठडी आणि तिच्या वेगळ्या लिफ्टपाशी.

म्हणून जुन्या इमारतीत नवं कोर्ट बसवायचं असेल तर त्याला दिवाणी किंवा कौटुंबिक प्रकरणं द्यावीत आणि फेलनी सुरक्षित खोल्या असलेल्या जुन्या कोर्टांकडे वळवावी. आमच्या मते हाच सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग. मिसडिमिनर, म्हणजे किरकोळ गुन्हे, आणि ठरावीक रकमेपर्यंतचे दिवाणी दावे तुंबले असतील तर काउंटी कोर्ट अॅट लॉ मागावं. तिथे एरवी सहा ज्यूरर पुरतात आणि पहिला न्यायाधीश कमिशनर्स कोर्टच नेमतं. डिस्ट्रिक्ट कोर्टाचा पहिला न्यायाधीश राज्यपाल नेमतात, पुढे निवडणूक. ती नेमणूक लांबली तर पगारी कर्मचारी रिकाम्या न्यायासनासमोर बसून राहतात. तेव्हा कायद्यातच कोर्ट सुरू होण्याची तारीख पुढची, इमारतीला सोसेल अशी घालून घ्यावी.

तोवर असोसिएट जज, म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखाली प्रकरणं ऐकणारा सहायक, हा चांगला आधार, विशेषतः कौटुंबिक प्रकरणांत. अट एवढीच, की त्याचा निर्णय न पटलेला पक्षकार निर्णयाची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत मूळ न्यायाधीशापुढे नव्याने सुनावणी मागू शकतो. असे अर्ज वाढले की तेच काम दोनदा होतं.