यूपीएससी मुख्य परीक्षा मराठीतून द्यावी की इंग्रजीतून?

आधी एक गैरसमज दूर करू. मराठी माध्यम घेतलं म्हणून प्रश्नपत्रिका मराठीत मिळत नाही. सामान्य अध्ययनाचे प्रश्न इंग्रजी आणि हिंदीतच छापलेले असतात. १९७९ पासून मुभा आहे ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत उत्तर लिहिण्याची. म्हणजे मराठीतून लिहिणारा वाचतो एका भाषेत, लिहितो दुसऱ्या.

वाचताना इंग्रजी मजकूरच धरावा. हिंदी ओळखीची वाटते आणि तिथेच फसवते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, ‘मुद्रास्फीति’ म्हणजे आपली चलनवाढ. घाईत एखादा शब्द मराठी अर्थाने वाचला की अख्खं उत्तर भरकटतं.

वेळ दोन्ही माध्यमांना सारखाच. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत २० प्रश्न. १० गुणांच्या दीडशे शब्दांना ७ मिनिटं आणि १५ गुणांच्या अडीचशे शब्दांना ११ मिनिटं धरली की १८० मिनिटं संपली. शब्दमर्यादेत मराठीचा फायदा होतो, कारण ‘इन द डिस्ट्रिक्ट’ला तीन शब्द लागतात, ‘जिल्ह्यात’ला एकच. पण जोडाक्षरं, वेलांट्या, रेघ यांत हात मंदावतो. शिवाय प्रतिशब्द आठवण्यात अर्धं मिनिट जातं ते वेगळंच.

त्यावर तोडगा म्हणजे कंस. ‘चलनवाढ लक्ष्यनिर्धारण’ लिहून कंसात मूळ इंग्रजी संज्ञा देता येते. मात्र ही सवलत तांत्रिक संज्ञेपुरतीच आहे. वाक्यंच्या वाक्यं इंग्रजीत गेली तर गुण कापले जातात आणि टोकाच्या प्रकरणात उत्तरपत्रिका तपासलीच जात नाही. संज्ञांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि एका संज्ञेला एकच प्रतिशब्द पक्का करावा. आज ‘राज्यघटना’, उद्या ‘संविधान’ चालून जाईल. ‘वित्तीय तूट’ आणि ‘महसुली तूट’ यांची सरमिसळ चालणार नाही.

साहित्याच्या बाबतीत इंग्रजीचं पारडं सरळ जड आहे. आर्थिक पाहणी, मंत्रालयांचे अहवाल, बहुतेक चाचणी मालिका प्रामुख्याने इंग्रजीत असतात. मराठीत राज्य मंडळाची पुस्तकं, ‘योजना’ आणि ‘लोकराज्य’ ही सरकारी मासिकं आहेत, पण मुख्य परीक्षेला तेवढं पुरत नाही. नोट्स स्वतःच मराठीत उतरवाव्या लागतात आणि ही मेहनत अनेक जण हिशेबात धरत नाहीत.

फारसा कोणी न वापरणारा मधला रस्ताही आहे: निबंध आणि सामान्य अध्ययन मराठीत, वैकल्पिक विषय इंग्रजीत. नियमांत तो बसतो. मानववंशशास्त्र किंवा अभियांत्रिकीसारखा विषय असेल तर हाच शहाणपणाचा. मराठी साहित्य घेतलं असेल तर प्रश्नच नाही, ते मराठीतच लिहायचं.

माध्यम कोणतंही असो, इंग्रजी आणि भारतीय भाषा हे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन्ही भाषा पेपर सुटत नाहीत. प्रत्येकात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण हवेतच; नाहीतर बाकीच्या पेपरांचे गुण मोजलेच जात नाहीत. इथे गंमत अशी की इंग्रजी माध्यमवाला मराठीच्या पेपरात अडकतो. दहावीनंतर मराठीत पानभरही लिहिलेलं नसतं आणि समोर निबंध, सारांश, भाषांतर. दर आठवड्याला एक सारांश तरी हाताने लिहावा.

एमपीएससीही देणार असाल तर हिशेब बदलतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून रचना यूपीएससीसारखीच आहे, आणि तिथे प्रश्न मराठीतही छापलेले असतात. दोन्ही परीक्षा गांभीर्याने देणाऱ्याला मराठी नोट्सची मेहनत दुप्पट फळते. फक्त यूपीएससी द्यायची असेल आणि पदवी इंग्रजीतून झाली असेल, तर केवळ भाषेच्या प्रेमापोटी मराठी घेऊ नये.

तरीही ठरत नसेल तर जुन्या पेपरातले दहा प्रश्न घ्या. पाच मराठीत, पाच इंग्रजीत, घड्याळ लावून, पुस्तक मिटून. दोन दिवसांनी वाचा. ज्या उत्तरांत मुद्दे जास्त आणि खाडाखोड कमी, ती भाषा अर्जात भरा. नंतर माध्यम बदलून मिळत नाही.