साडी उलटून बघणारा मी

दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी साडी उलटून दाखवतो. महेश्वरीची बुगडी, म्हणजे किनार, दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी. कुठलीही बाजू वर घेऊन नेसा, फरक कळता कामा नये. नकली माल सुलट बाजूने हुबेहूब असतो, उलटा केला की पितळ उघडं पडतं. इंदूरला राजवाड्याजवळच्या आमच्या दुकानात गेली 30 वर्षं मी हे बायकांना समजावून सांगतोय. वेबसाइटच्या बाबतीत मात्र हाच मी अडीच वर्षं सुलट बाजूच बघत बसलो होतो.

लॉकडाउनमध्ये दुकान बंद होतं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायला सुरुवात केली. पुणे, नाशिक, ठाणे इथून मागणी यायला लागली. पण हातमागाची साडी म्हणजे एकुलती एक. तोच रंग, तीच चटाई किनार पुन्हा विणून येईपर्यंत पुढचा महिना उजाडतो. एक फोटो 40 जणींना गेला की पाच जणी म्हणणार, "हीच ठेवा माझ्यासाठी." सौ. वही घेऊन बसायची आणि तरी घोळ व्हायचाच. म्हणून 2021 च्या गणपतीनंतर वेबसाइट करायचं ठरवलं.

तिघांना विचारलं. भंवरकुआंला एक पोरगा एकटाच कामं घ्यायचा. त्याने सरळ सांगितलं: वर्डप्रेस टाकू, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, त्यावर वूकॉमर्स, म्हणजे दुकान चालवायची जोड, दोन्ही फुकट मिळतात, माझी मेहनत 25 हजार. दुसऱ्याने शॉपिफायचं तयार ऑनलाइन दुकान घ्या म्हटलं, दरमहा भाडं, बाकी कटकट नाही. महिन्याचं भाडं ऐकून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसरा मात्र आपला माणूस होता. विजय नगरला ऑफिस, पाच-सहा पोरं कामाला, आणि आमच्याच मंडळाच्या आरतीला टाळ घेऊन उभा. गोड मराठी बोलायचा.

त्याने दुकानात येऊन लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काका, वर्डप्रेस फुकट मिळतं आणि रोज हॅक होतं. फुकटची वस्तू तुम्ही धंद्याला लावणार? आमचं स्वतःचं सीएमएस आहे. आमच्या टीमने इथे इंदुरातच बनवलंय."

सीएमएस म्हणजे काय ते तेव्हा त्याच्याकडूनच कळलं. ज्याच्या आत शिरून आपण स्वतः फोटो चढवतो, किंमत बदलतो, माल काढतो, ते वेबसाइटचं स्वयंपाकघर. त्याचं स्वयंपाकघर चकाचक दिसत होतं. डाव्या कोपऱ्यात त्याच्या कंपनीचं केशरी बोधचिन्ह, खाली कंपनीचं नाव. आणि "फुकटची वस्तू धंद्याला लावणार?" हा प्रश्न कापडवाल्याला कुठे लागतो ते त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याने 90 हजार सांगितले, मी 65 वर आणले. तो गेल्यावर सौ.ला म्हटलं, बघ, 25 हजार वाचवले. ती काही बोलली नाही. ती सहसा बोलत नाही तेव्हाच ऐकायला हवं असतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. पैसे थेट माझ्या खात्यात यायचे, कारण पेमेंट गेटवेला पॅन आणि बँकेचे कागद लागतात आणि ते माझेच दिले होते. तेवढी एकच गोष्ट माझ्या नावावर होती, हे नंतर कळलं. नोव्हेंबर 2022 मध्ये बिल आलं: सॉफ्टवेअरचं वार्षिक लायसन्स 18 हजार, एसएसएल सर्टिफिकेट 6 हजार. म्हटलं, बँकेच्या साइटसारखं कुलूप दिसतं पत्त्याशेजारी, त्याचे पैसे असणारच. भरले.

मग ते दोन साड्यांचं प्रकरण झालं. खरं तर साडी एकच, गिऱ्हाइकं दोन. गर्द जांभळ्या रंगाची, हिरा किनारीची एक साडी पुण्याच्या ताईंनी सकाळी घेतली आणि तीच नागपूरच्या ताईंनी दुपारी. दोघींचे पैसे जमा. नागपूरच्या ताईंना मुलीच्या केळवणाला नेसायची होती. त्यांना फोन करून पैसे परत देताना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. मी त्या माणसाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "काका, युनिक स्टॉक कंट्रोल वेगळं डेव्हलप करावं लागेल. पोरांचे आठ दिवस जातील. 14 हजार." आठ दिवस गेले, 14 हजारही गेले, आणि साडी विकली की 'संपली' असं दिसायला लागलं. मला तर वाटलं पोरांनी कमाल केली.

2024 च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या एक जुन्या बाई फोनवर हसत होत्या. "काका, दुकान जपानला हलवलं का?" गूगलवर आमचं नाव टाकलं तर खाली ओळीच्या ओळी जपानी लिपीत, कसल्या बूट आणि पर्स. त्यावर टिचकी मारली तर भलतीच साइट उघडायची. हा प्रकार इतका सर्रास आहे की गूगलच्या मदतीच्या पानांवर त्याला 'जॅपनीज कीवर्ड हॅक' असं नावच आहे. कोणीतरी साइटमध्ये घुसून आपल्या पत्त्याखाली शेकडो खोटी पानं पेरून ठेवतं. त्या माणसाने सफाईचे 22 हजार सांगितले. वर्डप्रेस रोज हॅक होतं म्हणून जे वर्डप्रेस नव्हतं ते घेतलं, मग हे काय? विचारलं तर म्हणे, "काका, हॅकर काय, नासालाही सोडत नाहीत."

मे महिन्यात भाची पुण्याहून आली होती. ती सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचे पैसे घेते. दुपारी आंब्याच्या फोडी खाता खाता म्हणाली, "मामा, दाखव तुझी साइट." तिने पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' केलं. मुंग्यांसारखी अक्षरं भरलेलं पान आलं. त्यात तिने शोधायचा शब्द टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओळीओळीला पिवळा पट्टा: डब्ल्यूपी-कंटेंट, डब्ल्यूपी-कंटेंट, प्लगइन्स, वूकॉमर्स.

"हे वर्डप्रेस आहे, मामा. वरून फक्त बोर्ड बदललाय."

कापडाची भाषा असती तर मला एका क्षणात कळलं असतं. तिने साडी उलटून दाखवली होती.

मग ती आतल्या पॅनेलमध्ये शिरली. एक साडी उघडली, इन्व्हेंटरीचा भाग उघडला आणि एक चौकोन दाखवला: या वस्तूचा साठा मोजायचा का? त्यात बरोबरची खूण होती, शेजारी आकडा 1. तिने ती खूण काढून दाखवली, परत लावून दाखवली. दोन सेकंद. हेच ते 14 हजारांचं डेव्हलपमेंट, पोरांचे आठ दिवस. वूकॉमर्समध्ये ते मुळातच असतं. मी तिला परत एकदा करून दाखवायला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही.

बाकीचं हळूहळू उलगडत गेलं. एसएसएल 'लेट्स एन्क्रिप्ट'चं निघालं. ती ना-नफा संस्था 2015 पासून सगळ्या जगाला फुकट सर्टिफिकेट देते, थोड्याच दिवसांचं, आणि ते आपोआप नवं होत राहतं. त्याचे मी दोनदा सहा-सहा हजार मोजले होते. पानाच्या त्या मुंग्यांमध्ये प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला लावलेल्या जोडांच्या, आवृत्त्यांचे आकडेही दिसतात, आणि एक विकतचं प्लगइन 2021 पासून जसंच्या तसं होतं. लायसन्स घेतलेलं असतं तर नवी आवृत्ती मिळत राहिली असती. तेव्हा एक तर लायसन्स मुदत संपल्यावर सोडून दिलं, नाहीतर मुळात चोरीची प्रत चढवली. अशा फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रतींमध्ये बऱ्याचदा चोरदरवाजा ठेवलेला असतो, आणि जुन्या आवृत्तीतली भोकं तर जगजाहीर असतात. जपान कुठून आलं याचं उत्तर यातच कुठेतरी होतं.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. वर्डप्रेसवर साइट करून विकणं हा गुन्हा नाही. मे 2003 पासून ते खुल्या परवान्याखाली आहे, कोणीही वापरावं, बदलावं, त्याचे पैसेही घ्यावेत. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावरच चालतात. भंवरकुआंचा पोरगाही तेच करून देणार होता. शिंप्याने शिलाई घ्यावीच. पण कापड फुकट आणून आमच्या मिलचं आहे सांगायचं, दरवर्षी कापडाचं भाडं घ्यायचं, आणि ज्या दुकानातून ते आणलं त्या दुकानाला शिव्या द्यायच्या, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. लायसन्स, एसएसएल, तो चौकोन आणि पहिले 65 मिळून 1 लाख 27 हजार, जीएसटी वेगळा.

मी रागाने फोन उचलला होता. भाचीने हातातून काढून घेतला. "आधी माल बाहेर काढ, मग भांड." हे वाक्य कुणाच्याही उपयोगाचं आहे. आम्हाला त्याने पूर्ण अ‍ॅडमिन दिलंच नव्हतं, 'शॉप मॅनेजर' एवढाच हक्क होता. मालाची यादी काढायचा मेनूही लपवलेला. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आमच्या सिस्टिममधून डेटा बाहेर निघतच नाही. पण मेनू लपवला म्हणून पान नाहीसं होत नाही. तिने पत्ता थेट टाइप केला, पान उघडलं, आणि 312 साड्यांची सीएसव्ही फाइल उतरली: नाव, किंमत, वर्णन, फोटोंचे दुवे. रात्री दोनपर्यंत बसून फोटोही उतरवले. गिऱ्हाइकांचे पत्ते वहीत होतेच, सौ.ची कृपा.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तो चिडला नाही. म्हणाला, "काका, घेऊन जा ना डेटा. पण डोमेन आमचं आहे."

दुकानाचं नाव, आजोबांनी ठेवलेलं, पुढे डॉट कॉम. डोमेन कोणाच्या नावावर ते दाखवणाऱ्या हूइजमध्ये मी बघून घेतलं, नोंद त्याच्या कंपनीची. वर्षाला हजार-बाराशे रुपयांची ती नोंद मी स्वतःच्या ईमेलने दहा मिनिटांत केली असती. पण "तुम्ही कशाला त्रास घेता" म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं. आता ते सोडायचे दीड लाख. दुसऱ्या कंपनीकडे डोमेन हलवायला जो ऑथ कोड लागतो तो नोंद ज्याची त्यालाच मिळतो. पैसे कोणी भरले हे रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदणारी कंपनी, विचारत नाही.

वकिलांकडे गेलो. त्यांनी बिलं पाहिली. सगळीकडे एकच ओळ, 'वेबसाइट सर्व्हिस'. डोमेन कोणाचं, डेटा कोणाचा, सोडताना काय द्यायचं, कुठे अक्षर नाही. डॉट कॉमच्या भांडणासाठी यूडीआरपी नावाची आंतरराष्ट्रीय सोय आहे. पण जिनिव्हाच्या वायपो या बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाची फीच 1,500 डॉलर, आणि नावावर आपला ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. तीन पिढ्यांत आम्ही नाव नोंदवलेलं नाही. ग्राहक आयोगात 'व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा' हा मुद्दा समोरचा काढणारच. स्वतःच्या पोटापाण्याचा छोटा धंदा असेल तर 2019 च्या कायद्यात सवलत आहे, पण तिचे शब्द विकत घेतलेल्या वस्तूंपुरते आहेत, सेवेलाही ती लागते म्हणून भांडत बसायचं. वकील ओळखीचे होते म्हणून खरं बोलले: "दीड लाख देऊ नका, आणि माझ्यावरही खर्च करू नका."

तोंड खाली घालून भंवरकुआंच्या त्या पोराकडे गेलो. तीन वर्षांत त्याचा दर 40 हजार झाला होता. मी घासाघीस केली नाही. पण यावेळी बसताना माझा लॅपटॉप, माझा ईमेल, माझं कार्ड. नवं डोमेन माझ्या नावावर, होस्टिंगचं खातं माझ्या नावावर, गूगलवर साइट कशी दिसते ते बघायच्या सर्च कन्सोलचं खातंही. पूर्ण अ‍ॅडमिन माझ्याकडे आणि त्याच्यासाठी वेगळं लॉगिन, जे मी बंद करू शकतो. त्याने आपणहून एक बॅकअप पेनड्राइव्हवर दिला आणि तो उघडून कसा बघायचा ते शिकवलं. शॉपिफाय घेतलं असतं तरी चाललं असतं, हे आता कळतं. ते भाडं उघड सांगून घेतात आणि मालाची सीएसव्हीही काढू देतात. मला महिन्याचं भाडं डोळ्यांत खुपलं, आणि वर्षाचं 24 हजार खुपलं नाही.

जुना पत्ता अजून सुरू आहे. उघडलं तर कोरं पान आणि मधोमध त्याचं केशरी बोधचिन्ह. तो मंडळात दिसतो, नमस्कार करतो.

राहिले खोके. 2023 मध्ये साड्यांचे 3,000 खोके छापून घेतले होते, झाकणावर सोनेरी अक्षरांत तो जुना पत्ता. फेकवत नाहीत. नव्या पत्त्याची स्टिकरं छापून घेतली. रात्री दुकान वाढवल्यावर मी आणि सौ. समोरासमोर बसून ती चिकटवतो, रोज 20 खोके. स्टिकर थोडं आखूड पडतं, त्यामुळे उजवीकडून जुनं 'कॉम' डोकावतं. ती म्हणते राहू दे. मी नखाने खरवडत बसतो.