ईएसआय सोडून पगारवाढ घ्यावी का?

भाचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत महिना २०,५०० वर आहे, तिथं ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागू आहे. तिकडच्याच शेंद्रा वसाहतीत २६,००० मिळतायत, पण ईएसआय सुटतो. "मामा, साडेपाच हजार सोडू का?" म्हणाला. घरात त्याच्या वडिलांना साखरेचा त्रास, म्हणून आधी दवाखान्याचा हिशोब मांडला.

खर्च बघा. ईएसआयला पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. २१,००० च्या वर पगार गेला की ही सोय नाही. नव्या कंपनीचा ग्रुप विमा (सगळ्या कामगारांचा मिळून काढलेला आरोग्य विमा) 'फुकट' असतो खरा, पण आई-वडील त्यात आहेत का, हे ऑफर लेटर घेतानाच लेखी विचारायचं. नसतील तर स्वतंत्र पॉलिसी. तिथं जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि वयामुळं हप्ताही चढा.

उपचाराला ईएसआयमध्ये रकमेची मर्यादा नाही. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. हे ग्रुप विम्यात नसतं. ईएसआयमध्ये आई-वडील यायचे तर त्यांची मिळकत मात्र महिना ९,००० च्या आत हवी. कोरडवाहू शेतीत तेवढं तर कुठं होतंय म्हणा!

त्रास? चिकलठाण्याच्या दवाखान्यात रांग, कागदं, रेफरची चिठ्ठी. ग्रुप विम्यात हवं ते नेटवर्क हॉस्पिटल, म्हणजे विमा कंपनीशी जोडलेलं, पण खोलीभाड्याची मर्यादा तपासा.

एकटा किंवा नवरा-बायको धडधाकट असाल तर शेंद्रा गाठा. आई-वडील आजारी आणि नव्या विम्यात नसतील, तर वाढीतून त्यांचा हप्ता वजा करून उरतं काय ते बघा. भाच्याला मी तूर्त थांब म्हटलं.