खजुरी बाजारातलं जुन्या कॉमिक्सचं दुकान

इंदूरला राजवाड्याजवळ खजुरी बाजारात जुनी पुस्तकं विकणारं एक छोटंसं दुकान आहे, इंद्रजाल कॉमिक्सवर जीव असेल तर नक्की जा. १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद झालेली ही मालिका, तिच्यातल्या वेताळ (म्हणजे फँटम), मॅन्ड्रेक, बहादूर या नायकांचे हिंदी अंक इथे गठ्ठ्यांनी मिळतात, मराठी मात्र क्वचितच, त्याचं फार वाईट वाटतं. काका अजिबात घाई करत नाहीत, निवांत चाळू देतात. पिना गंजलेल्या असतात म्हणून मधली पानं आहेत ना ते आधी बघा, मग भाव बोला. कव्हर फाटलेला अंक स्वस्तात मिळतो आणि नुसता वाचायचाच असेल तर तोच घ्या, कारण ली फॉक यांचा कवटीच्या गुहेतला वेताळ आतल्या पानांवर अजून तसाच रुबाबदार आहे!